गोधडीआडचा आवाज : खानदेशातील घरगुती ध्वनिमुद्रणे आणि त्यांची साधने

अहिराणी गाण्यांवर जे लेखन माझ्या वाचनात आले त्यात शब्दांवर पुष्कळ आहे, चालींवर थोडे आहे, आणि ज्या यंत्रांतून ती गाणी आपल्यापर्यंत पोचली त्या यंत्रांवर जवळपास काहीच नाही. संग्राहक खेड्यात जातो, टेप करतो, घरी येऊन ऐकत ऐकत शब्द उतरवतो आणि ते छापतो. प्रस्तावनेत टेपचा उल्लेख एका ओळीत येतो, तोही आभारांच्या आसपास. जणू टेप म्हणजे पाणी आणण्याची घागर. पाणी ओतून घेतले की ती पालथी घालायची.

मला ही गोष्ट खटकते याचे एक कारण माझ्या पूर्वायुष्यात आहे. कॉलेज अर्धवट सुटल्यावर काही वर्षे मी जळगावात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात काम केले. लोकसाहित्याच्या वर्गात मी कधी बसलो नाही. पण टेपचे हेड स्पिरिटने पुसताना, सैल पडलेला रबरी पट्टा बदलताना खानदेशातल्या घरोघरच्या कॅसेटी कानांवरून गेल्या. दुरुस्त झालेले यंत्र तपासायला गिऱ्हाईक घरचीच कॅसेट द्यायचे. तिच्यात सिनेमाची गाणी असत, आणि मधेच कुठेतरी कानबाईच्या रात्रीचे गाणे, आखाजीला झोक्यावर म्हटलेले गौराईचे गाणे, गुलाबाईचे गाणे. पुढे त्या कॅसेटी मी मागून घेऊ लागलो. आज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शंभराच्या वर कॅसेटी माझ्याकडे आहेत. या लेखातली विधाने त्या कॅसेटींवर आणि गेल्या आठ-दहा वर्षांत याच भागातल्या हौशी पोरांच्या घरी पाहिलेल्या सामग्रीवर आधारलेली आहेत.

धुळ्याला कागद जपण्याची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचा अंत १९२६ च्या अखेरीस तिथेच झाला आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभारले ते याच गावात. जुना कागद हाती आला की इतिहासकार आधी मजकूर वाचत नाही. कागद कुठला, शाई कशी, अक्षराचे वळण कोणत्या काळचे, अस्सल की नक्कल, हे पाहतो. टेपला हीच कसोटी लावली पाहिजे एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ती न लावल्यामुळे आपण खानदेशी गाण्याविषयी काही गोष्टी उगाच खऱ्या धरून चाललो आहोत.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. त्यांची बोली लेवा गणबोली; ती अहिराणी नव्हे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी उतरवून घेतली ती सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. कागदावर शब्द उतरले. चालीला कागदात जागा नव्हती. आज महाराष्ट्र त्यांच्या गाण्याची जी चाल गुणगुणतो ती ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटासाठी वसंत पवारांनी बांधलेली आहे. चाल उत्तमच आहे. पण ती स्टुडिओतली आहे. आसोद्याच्या जात्यावरची नव्हे. त्या घरात त्या काळी एखादे ध्वनिमुद्रण यंत्र असते तर मराठी कवितेचा इतिहास बदलला नसता. पण बहिणाबाई म्हटल्यावर आपल्याला जे ऐकू येते ते नक्की बदलले असते.

यंत्र घरात यायला वेळ लागला. गौहरजान १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनसमोर गायल्या तेव्हापासून पुढे दीर्घकाळ ध्वनिमुद्रण म्हणजे कंपनीचे काम. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे ती सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात पसरली. पीटर मॅन्युएल यांचे उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवरचे पुस्तक (१९९३) प्रसिद्ध आहे. तबकडीवरची एका मोठ्या कंपनीची पकड कॅसेटमुळे कशी सुटली आणि बोलीभाषांतल्या संगीताचे छोटे व्यापारी कसे उभे राहिले, हे त्यांनी नीट दाखवले आहे. त्यांचा भर मात्र विकल्या जाणाऱ्या कॅसेटींवर आहे. माझ्या पेटीतल्या कॅसेटी कधी विकल्याच गेल्या नाहीत. घरात भरल्या, घरात वाजल्या, फार तर सुरतेला गेल्या. खानदेशातली कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतेला, उधना-लिंबायतकडे गेलेली आहेत. भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीने लोणचे-पापडांबरोबर कॅसेटही जायची.

घरात टेप येण्याचा एक ठरलेला रस्ता होता : लग्न. सायकल, घड्याळ आणि टू-इन-वन. म्हणजे यंत्र जावयाचे. ही वरवर क्षुल्लक बाब ध्वनिमुद्रणात ऐकू येते. गाणाऱ्या बाया, पण बटण पुरुषाच्या हातात. त्यामुळे बहुतेक टेपांवर गाण्याचा आरंभ नाही. देवीला आवाहन करणाऱ्या पहिल्या ओळी होऊन जातात, गाणे ‘चांगले लागले’ असे त्या गृहस्थाला वाटते आणि मग खट् असा आवाज येऊन आपण मधूनच आत शिरतो. छापील संग्रहांत अशी गाणी एकदम मध्यावर सुरू होतात, आणि हा मौखिक परंपरेचा गुण आहे असे कौतुक मी वाचले आहे. बटण उशिरा दाबले, इतकेच. कॅसेटच्या कार्डावर नाव असते ते टेपच्या मालकाचे. गाणारणींची नावे माझ्याकडच्या फारच थोड्या कॅसेटींवर आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. यंत्र बहुधा उंबऱ्यापाशी किंवा ओट्यावर, पुरुष बसतात तिथे. बाया आत, कानबाईच्या चौरंगाभोवती. ज्या स्वरावर सगळा फड चालतो ती म्हातारी सर्वांत लांब; यंत्राला सर्वांत जवळच्या कडेला बसलेल्या लहान पोरी. टेप ऐकताना वाटते की पोरी गात आहेत आणि मागून कुणी साथ करते आहे. प्रत्यक्षात उलट. पोरी त्या आजीकडून ओळ उचलताहेत, अर्धी मात्रा मागून. पुढारीण कोण आणि झील कोणाची हे ठरवायचे तर आवाज किती मोठा याकडे कान न देता ओळ आधी कोणी उच्चारली याकडे द्यावा लागतो.

या टेपांतल्या बिल्टइन मायक्रोफोनला आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे सर्किट जोडलेले असे. मोठा आवाज आला की ते संवेदनशीलता कमी करते, शांतता झाली की हळूहळू वाढवते. आता कानबाईची रात्र डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस बायांची एकत्र टाळी पडते. सर्किट दचकून सगळेच दाबते. टाळी विरते आणि गळे पाण्यातून डोके वर काढावे तसे वर येतात. पुन्हा टाळी. असा एक श्वास संपूर्ण टेपभर चालू राहतो. दोन कडव्यांच्या मधल्या विसाव्यात यंत्र आणखी कान टवकारते, आणि रातकिडे, पंखा, रडणारे पोर, दूरची बैलाची घंटा हे सगळे गाण्याच्या उंचीला येऊन बसते. ‘खानदेशी रात्रीचा जिवंत परिसर’ म्हणून जो भाव आपल्याला मोहवतो त्यात चार आण्यांच्या सर्किटाचा वाटा मोठा आहे. गंमत अशी की हाच दचकण्याचा परिणाम आजची पोरे नाचाच्या गाण्यांत ढोलाच्या ठोक्यावर मुद्दाम घालतात, त्यासाठी सॉफ्टवेअर घेतात आणि त्याचे शिकवणारे व्हिडिओ पाहतात.

आता वेगाविषयी. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, सरकायला हवी. सेल उतरले की मोटार मंदावते. मंद यंत्रावर भरलेले गाणे चांगल्या यंत्रावर वाजवले की भरभर आणि चढ्या सुरात ऐकू येते. भरत असतानाच सेल उतरत गेले तर टेपवरचे गाणे शेवटाकडे चढत जाते, आणि आपण म्हणतो रंगत चढली. हे ओळखायला सोपे आहे. बाया खरोखर रंगात येऊन लय वाढवतात तेव्हा लय वाढते, सूर फारसा हलत नाही. सेल उतरल्यावर लय आणि सूर दोन्ही एकाच प्रमाणात चढतात. बोलण्याचा आवाजसुद्धा बारीक होतो. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे नमुने आहेत, आणि एकदा फरक कळला की लोकगीतांच्या ‘चढत्या लयी’वरची बरीच वर्णने वाचताना मनात सेलची शंका येते.

यंत्र विजेवर लावले असेल तर मात्र एक साक्षीदार मिळतो. विजेची ५० हर्ट्झची घरघर टेपवर पुसट उमटलेली असते. संगणकावर ती शोधायची. ५० च्या जागी ५३ वर सापडली तर टेप ६ टक्के जलद वाजते आहे, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. काळी पाच वाटलेली पट्टी खरी पांढरी सहा. त्या काळी विजेची वारंवारताही ५० वर ठाम नसे, एखाददुसऱ्या हर्ट्झने खालीवर होई. म्हणून एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी चूक गृहीत धरावी लागते. वाजवणाऱ्या यंत्राची स्वतःची घरघर ५० वर वेगळी दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. ज्या घरगुती दोषाला कंटाळून लोक पहिल्या झटक्यात ‘नॉइज’ पुसून टाकतात त्या दोषातच टेपचे माप असते. पुसल्यावर ते गेले.

याहून मोठा घोटाळा हेडच्या तिरकेपणाचा. भरणाऱ्या यंत्राचे हेड केसभर तिरपे असेल तर दुसऱ्या यंत्रावर ती टेप दबकी, कापूस कोंबल्यासारखी वाजते. वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे स, च, श, टाळीची कडा, आधी जातात. उपाय सोपा आहे : हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू प्रत्येक टेपगणिक फिरवायचा आणि ‘स’ धारदार झाला की थांबायचे. अहिराणीत मराठीतला ‘ळ’ नसून तिथे ‘य’ येतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. हा दोन स्वरांमधला ‘य’ मुळातच हलका. टेप दबकी वाजली तर तो जवळपास विरघळतो आणि ऐकणारा प्रमाण मराठीच्या सवयीने तिथे भलतेच अक्षर भरतो. एका टेपवरची एक ओळ आमच्या घरी तिघांनी तीन प्रकारे ऐकली होती. स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर तिघांनी एकच शब्द सांगितला. शेकड्याने कॅसेटी एका झटक्यात संगणकावर चढवून देणाऱ्या ठिकाणी हा स्क्रू कोणी फिरवत नाही. मग म्हाताऱ्यांचे उच्चार अस्पष्ट होते, असा शेरा पडतो.

याच्या उलट बाजूचे एक मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्या साह्याने त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. तिथे गाणारणीचे नाव, गाव, सगळे ओवीसोबत राहिले. आपल्याकडच्या कॅसेटींना हे भाग्य लाभले नाही, कारण त्या संशोधनासाठी भरल्याच नव्हत्या. पण म्हणूनच त्यांच्यात एक गोष्ट आहे जी संशोधकाच्या टेपवर क्वचित मिळते. कोणी पाहुणा समोर बसलेला नाही. बाया ओळ विसरतात, एकमेकींना टोकतात, हसतात, सासूवरची ओळ आली की आवाज खाली आणतात, आणि मग नव्या जोराने म्हणतात. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची. तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची होती आणि आपले भावगीत त्या मापाने बेतले गेले. कॅसेटने प्रथमच गाण्याला त्याच्या स्वतःच्या लांबीने चालू दिले. सी-९० ची फीत पातळ, ती अडकते आणि तुटते, म्हणून दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला सी-६० च घ्यायला सांगायचो. ऐकत कोणी नसे. लांब गाण्याला लांब फीत हवी हे बायांना कळत होते.

आता आजच्या सामग्रीकडे येतो. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि अहिराणी गाण्यांचा यूट्यूबवर पूर आला. त्या पुराच्या उगमाशी जाऊन पाहिले तर बहुधा एक खोली असते. लॅपटॉप, हजार-दीड हजाराचा बीएम-८०० जातीचा कंडेन्सर माइक, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देणारी डबी किंवा जरा पैसे असतील तर यूएसबी इंटरफेस, हेडफोन, आणि कॅसिओ. कंपनी यामाहा असली तरी आमच्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. पॉप-फिल्टर म्हणून भरतकामाच्या रिंगवर ताणलेली जुनी ओढणी. भिंतींवर गोधड्या. अमळनेरकडच्या एका तरुणाने आपली उत्तम गाणी डिसेंबरात भरली, कारण तेव्हा भावाची वाट पाहत कापूस घरात पडून असतो. खोलीच्या तीन भिंतींना छातीपर्यंत कापूस. कुठल्याही स्टुडिओच्या फोमपेक्षा सरस. प्रतिध्वनीचा मागमूस नाही. फक्त अंगाला खाज सुटते, म्हणून एका टेकमध्ये उरकावे लागते असे तो सांगत होता. त्या गाण्यांतली घाई मला त्यानंतर अधिक आवडू लागली.

या खोलीतून निघणाऱ्या गाण्यांविषयी माझे मत दुहेरी आहे. आधी लाभ सांगतो. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत गेल्यावर आपल्या माणसाची जीभ सावरून बोलू लागते. काचेपलीकडचा माणूस ‘हा शब्द कळणार नाही’ म्हणतो. गोधड्यांच्या खोलीत काचेपलीकडे कोणी नाही. ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ हे निःसंकोच येतात, धुळ्याकडचे आणि जळगावकडचे वळण वेगळे ऐकू येते. कॅसेटच्या व्यापाराला जे जमले नाही ते या हजाराच्या माइकने केले, असे मला वाटते.

तोटा साथीत आहे. कॅसिओतला तयार ठेका एकदा लावला की तो कोणासाठी थांबत नाही. बायांच्या गाण्यात पुढारीण ओळ टाकून थांबते; झील कधी चार मात्रांनी येते, कधी पाच, कधी कोणी पाणी पिते. तो थांबा गाण्याचा भाग आहे. ठेक्यावर बसवताना तो कापला जातो. झीलही आता एकच पोरगा चार वेळा गाऊन चार पट्ट्यांवर ठेवतो. ऐकायला समूह, पण त्यात म्हातारी नाही, पोर नाही, कोणी मागे पडत नाही. माइक तोंडापासून चार बोटांवर. कॅसेटमध्ये अंगण होते. इथे फक्त तोंड आहे. गाण्यांचे शब्दही ‘आपण बाया’वरून ‘मी’कडे सरकले आहेत. याचे सगळे श्रेय माइकला देणे खुळेपणाचे होईल, सिनेमाचा वाटा आहेच. पण चार बोटांवरच्या माइकसमोर ‘आम्ही’ म्हणणे अवघड जाते, हे स्वतः गाऊन पाहिल्यावर पटते.

आणि ऑटोट्यून. १९९७ मध्ये आलेले हे तंत्र आज फुकट ॲपमध्ये मिळते. ते स्वराला जवळच्या ठरावीक स्वरावर ओढते. कानबाईच्या अनेक गाण्यांत गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी लागतो आणि तिथून घसरत षड्जावर येतो. ऑटोट्यून त्याला कुठल्या तरी एका बाजूला ढकलते, घसरण पायऱ्यांत मोडते. हे भांडण जुने आहे. बाजाची पेटी श्रुती मारते म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीच्या बाजूने मी नाही. पेटी गाणाऱ्याच्या शेजारी बसायची, गळा तिला टाळून जाऊ शकत होता. ऑटोट्यून गळ्याच्या आतच बसते. ते पूर्ण क्षमतेने लावलेले एक गौराईचे गाणे आणि त्याच गाण्याची घरगुती टेप मी पाठोपाठ ऐकली. नवे गाणे वाईट नाही, लग्नात लोक त्यावर नाचतात. पण त्यातली माहेरवाशीण एका सुरात ठाम उभी आहे, आणि टेपवरची दोन सुरांच्या मधे झुलते आहे. झोक्यावर बसून म्हणायच्या गाण्यात हा फरक बारीक म्हणता येणार नाही.

सर्वांत जास्त आशा मला ज्या साधनाकडून आहे ते कोणी साधन म्हणूनही मोजत नाही : बाईच्या हातातला तिचा स्वतःचा मोबाइल. बटण आता तिच्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर माहेरच्या गटात आलेल्या ध्वनिसंदेशांत मी आवाहनाच्या ओळी पहिल्यापासून ऐकल्या आहेत. अडचण एवढीच की फोनचे सॉफ्टवेअर एका माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असते. टाळी, झील, टाळांचा नाद यांना ते गोंगाट समजून दाबते आणि मागे एकटीचा कातरलेला आवाज उरतो. साधे रेकॉर्डर ॲप वापरावे, त्यात गोंगाट कमी करण्याची सोय असेल तर बंद करावी, फाईल वेव्ह प्रकारात ठेवावी आणि फोन उंबऱ्यावर न ठेवता पुढारणीच्या समोर हातभर अंतरावर, उशीवर ठेवावा.

जुन्या कॅसेटींना मात्र सवड नाही. आमच्याकडचा मे महिना कवच वाकवतो, फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा चिमुकला तुकडा गोंद सुकून गळून पडतो, पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी येते. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालून वाजवू नये, फीत आणि यंत्र दोन्ही जातात. कवच पाच स्क्रूंचे असेल तर उघडून फीत नव्या कवचात बसवता येते. चिकटवलेले असेल तर जपून फोडावे लागते. हे काम हाताने होते आणि पुढच्या वर्षीही करता येईल. कोण गात आहे ते ओळखण्याचे काम मात्र या दिवाळीत घरी जमणाऱ्यांपैकी ज्या सर्वांत थकलेल्या असतील त्यांच्याकडेच आहे. एकदा टेप लावून त्यांच्यासमोर बसा, आणि त्या नावे सांगतील तशी कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहून घ्या; माहेरचे गाव, सासरचे गाव आणि कोणाचा आवाज कुठल्या ओळीला आहे तेही.